भोज्या

वाडसो, जानेवारी. सकाळचे साडेआठ,
बाहेर अजून मध्यरात्रच.
दिव्याखालून बर्फ आडवा उडतोय,
मुलं आत येतायत चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून,
रस्ता दुरुस्त करणाऱ्या बुटक्या कामगारांसारखी.

पहिल्या दिवशी होवार्डचा गुडघा हाच भोज्या.
तो बसलाय आमच्या वीतभर खुर्चीवर,
गुडघे कानाशी, हातांना खेकड्यांच्या कारखान्याचा वास.
ईसेलिन तीन पावलं जाते,
टोपलीतला ठोकळा उचलते
आणि पळत परत. गुडघ्याला शिवते. सुटली.
पुन्हा तीन. मग पाच.
मी फरशीवर बसून
मोडक्या खडूंचे कागद सोलत राहते,
तिच्याकडे न बघता, बघत.
बावीस वर्षांत एवढं कळलं:
मूल अंतर मोजत असतं. मोजू द्यावं.

दुसऱ्या दिवशी भोज्यालाच बाहेर पाठवलं.
"दहा मिनिटं. पण सांगून जा.
तिची पाठ फिरली म्हणून सटकायचं नाही."
सांगून गेला. सांगताना आवाज चिरकला, त्याचा.
तिने भोकाड पसरलं.
माझ्या खांद्यावर शेंबूड, कानात किंकाळी,
आणि खिडकीतून दिसतोय तो,
गाडीत, आतला दिवा लावून,
स्टिअरिंगवर कपाळ.
राज्य त्याच्यावर आलं होतं
आणि त्याला शंभरपर्यंत मोजता येईना.

तिसऱ्या दिवशी त्याचा एक हातमोजा इथे राहिला.
राहिला कसला, तिनेच ओढून घेतला.
राखाडी लोकरीचा, अंगठ्याला रफू.
बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवला. झाकण लावलं.
उघडलं. आहे.
लावलं. उघडलं. आहे.
ब्रेडवर तपकिरी चीज लागलं, दूध सांडलं, पुसलं,
वालरसच्या चित्राखालच्या तिच्या खुंटीवर
(उरलेलं तेवढंच चित्र, वालरस कुणाला नको होता)
ओले कपडे वाळले,
तरी हिचं चालूच.
मी रंग विचारला नाही.
"आत" आणि "बाहेर" शिकवायला गेले नाही.
तपासणीला येणाऱ्या बाई वही उघडून विचारतील,
या खेळाचं उद्दिष्ट काय?
हातमोजा, बाई.
उद्दिष्ट म्हणजे तो "आहे".

आणि मग नाहोम आला.
पावणेतीन वर्षांचा, घरी तिग्रिन्या बोलणारा,
आमच्याशी बोलला तर मेहेरबानी.
सप्टेंबरात हाच दाराला पाल चिकटावी तसा चिकटायचा.
आला तो मूठभर लाल ठोकळे घेऊन,
म्हणाला, "खेकडे,"
आणि दिले ओतून खोक्यात.

माझा जीव वरखाली. उठणार होते.
नाही उठले.
ईसेलिनने खोक्यात पाहिलं. नाहोमकडे पाहिलं.
खालचा ओठ थरथरला, थांबला.
मग हात घालून तिने हातमोजा
थोडा बाजूला सरकवला.
खेकड्यांना जागा झाली.

त्यानंतर खोक्याची बोट झाली,
झाकणाचं शीड, माझ्या बुटाचा धक्का.
एकदा बोट बुडाली. सगळे मेले.
पुन्हा निघाली.

शुक्रवारी होवार्ड पावणेचारला आला,
एक हात उघडा, थंडीने लाल.
ती बोटीवर. मान वर नाही.
"चांगली खूण आहे ही," मी म्हणाले.
सगळ्याच आईबापांना म्हणते,
खरं कुणालाच वाटत नाही.
तो उंबऱ्याशी बसला, बुटांच्या रांगेत,
गुडघे वर करून.

मग ती आली, पळत,
त्याच्याकडे न बघताच
गुडघ्याला शिवली
आणि गेली परत.
खेकडे अजून मोजायचे होते.